दिवसाला एक लिटर

मुंबईत आजारी माणसाला भेटायला जाताना कुणी रिकाम्या हाताने जात नाही, आणि हातात बहुतेक वेळा शहाळं असतं. २०२३च्या जानेवारीत, पहिल्या पंधरवड्यात, आमच्या घरी अकरा शहाळी आली. लालबागचे नातेवाईक, डोंबिवलीची मावशी, आप्पांच्या डेपोतले जुने सोबती, सगळे दारात चपला काढता काढता तेच म्हणायचे, "ताकद येईल, पाजा त्यांना." आई हसून घ्यायची, स्वयंपाकघरात ओळीने मांडून ठेवायची आणि पाहुणे लिफ्टमध्ये शिरले की मी पिशवी खाली नेऊन द्यायचे. त्या महिन्यात आमच्या वॉचमनची तब्येत फारच सुधारली.

आप्पांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. तुमच्या-माझ्या शरीरातलं जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. ज्याची किडनी काम करत नाही त्याच्या रक्तात ते साठतं आणि फार वाढलं तर हृदयाचा ठोकाच बिघडवतं. म्हणजे प्रेमाने आणलेली ती अकरा शहाळी आमच्यासाठी अकरा धोके होते. पण हे दारात उभ्या असलेल्या माणसाला कसं सांगायचं? मी एक-दोनदा सांगून पाहिलं. समोरच्याचं तोंड एवढंसं झालं. मग सांगायचं सोडून दिलं.

आप्पा बेस्टमध्ये कंडक्टर होते. चौतीस वर्षं. बीपी होतं, पण गोळी आठवली तर घ्यायची, नाही आठवली तर नाही. बीपी गुपचूप किडनी खातं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही असं नाही. सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. पाय सुजायला लागले, जेवणावरची वासना गेली, तोंडाला सारखी कडवट चव, आणि तपासण्यांत क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी रक्त किती साफ करते ते सांगणारा, आकडा असा आला की डॉक्टरांनी कागद टेबलावर उलटा ठेवला आणि मगच बोलायला सुरुवात केली.

मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सात ते अकरा डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त साफ करणं. दादरला एका ट्रस्टचं सेंटर आहे, तिथे बेड मिळाला. मुंबईत या बाबतीत एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या मंडळाचं डायलिसिस सेंटर आहे, प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचं आहे. लहानपणापासून दानपेटीत टाकलेल्या दहाच्या नोटा कुठे जातात याचा कधी विचार केला नव्हता. त्यातली एखादी कुणाचं तरी रक्त धुते आहे म्हणजे.

रक्त धुणं हाच शब्द आप्पांनी उचलला. "चाललो धोबीघाटावर," असं म्हणून ते सकाळी सहाला चप्पल घालायचे.

आता खरी गोष्ट पाण्याची. किडनी बंद म्हणजे लघवी जवळजवळ बंद. प्यायलेलं पाणी जाणार कुठे? अंगात साचतं, पायांत उतरतं, शेवटी फुप्फुसांत चढतं आणि माणूस आडवा झोपू शकत नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला एक लिटर. त्यात सगळं आलं. चहा, आमटी, ताक, गोळी गिळायचं पाणी, सगळं. तहान मात्र डॉक्टरांना विचारून लागत नाही. मशीनच्या एका बाजूने रक्त फिरतं, दुसऱ्या बाजूने शुद्ध केलेलं द्रावण, आणि मधे बारीक छिद्रांचा पडदा. चार तासांत असं साधारण १२० लिटर द्रावण वापरलं जातं. हे मी मोबाईलवर वाचून आप्पांना सांगितलं आणि पस्तावले. "बघ, मशीनला चार तासांत एकशे वीस," ते म्हणाले, "आणि मला चोवीस तासांत एक."

घरात भाज्यांचीही तऱ्हा बदलली. बटाटा, पालेभाजी, काहीही असो, बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात तासन्‌तास भिजत घालायचं, ते पाणी ओतायचं, पुन्हा नव्या पाण्यात उकळायचं, तेही ओतायचं. त्यातून पोटॅशियम कमी होतं, आणि चवही. आई मूळची देवगडकडची. हाताला चव असलेली बाई. तिने पहिल्या दिवशी तो पांढराफटक दुधी ताटात वाढला आणि स्वतःच बाजूला जाऊन बसली. "ह्यांका खावक काय घालू मगे?" एवढंच म्हणाली. मिठातही गंमत आहे. दुकानदाराने भलेपणाने 'कमी सोडियमवालं' मीठ दिलं, बीपीसाठी चांगलं म्हणून. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. पुडीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला तेव्हापासून लागली.

सवय कसली, रोगच. मी घरातली इन्स्पेक्टर झाले. तांब्या-भांडं स्वयंपाकघरातून हललं. फिल्टरखाली लहान स्टीलचा पेला. रात्री मी त्यांच्या पायाच्या नडगीवर अंगठा दाबून बघायचे, खड्डा पडतो का. सकाळी वजन. दोन डायलिसिसमधे दोन-अडीच किलो वाढलं की ते सगळं पाणीच असतं, आणि चार तासांत ते खेचून काढताना बीपी पडतं, पायात गोळे येतात. मी ते गोळे पाहिले होते. चौतीस वर्षं हलत्या बसमध्ये उभं राहिलेला माणूस पोटरी धरून ओरडत होता. त्यामुळे माझं चुकत होतं असं मला अजिबात वाटत नव्हतं.

एप्रिलची रात्र होती. दीडच्या सुमारास मला बाथरूममध्ये नळाचा आवाज आला. दार लोटलेलं होतं. आत अंधार. मी दिवा लावला. आप्पा बेसिनवर वाकून ओंजळीने पाणी पीत होते. हनुवटीवरून पाणी गंजीवर ओघळत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि ते तोंड मी ओळखलं. लहानपणी शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून फेऱ्या मारायचे, तेव्हा विनातिकीट सापडलेल्या माणसाचं तोंड असंच व्हायचं. मला आठवतं, आप्पा अशा माणसावर कधी ओरडायचे नाहीत. खाली वाकून हळूच म्हणायचे, "काढा आता तरी."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिणार नाही. आई उठून आली. आप्पा गंजी बदलून झोपायला गेले. मी बेसिनशी उभी राहिले आणि मग मीच ग्लासभर पाणी प्यायले, घशाला कोरड पडली होती म्हणून. तो ग्लास प्यायल्यावर जे वाटलं त्याला काय म्हणतात मला ठाऊक नाही. आपण एका माणसाची काळजी घेता घेता त्याला गुन्हेगार करून ठेवलाय, एवढं कळलं.

दुसऱ्या दिवशी काही क्षमा वगैरे मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धत नाही. येताना लिटरची एक रिकामी बाटली धुऊन आणली, मापाच्या खुणा असलेला प्लास्टिकचा पेला आणला आणि एक लांबट वही. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'वेबिल'. आप्पांसमोर ठेवलं. सकाळी बाटली भरायची. जे काही पातळ पोटात जाईल, तेवढं त्या बाटलीतून कमी करायचं. चहा घेतला, शंभर मिली ओतून टाका. बाटली रिकामी, ड्युटी संपली. हिशेब तुमचा. मी बघणार नाही.

कंडक्टरचं आयुष्य वेबिलवर असतं. कुठल्या स्टॉपला किती तिकिटं फाटली, पहिला नंबर, शेवटचा नंबर, रोकड किती. रात्री डेपोत पैसे कमी भरले तर खिशातून घालायचे. आप्पांनी वही उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावला आणि विचारलं, "शॉर्ट आलं तर?"

"तर तुमच्या खिशातून," मी म्हटलं.

ते हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

त्यांचं असं की पाणी मोजणं त्यांना नवीन नव्हतंच. मीच ते विसरले होते. चाळीत आमच्याकडे पहाटे चारला नळ यायचा आणि तासाभरात जायचा. ड्युटीवर तर ते पाणी मुद्दाम कमी प्यायचे, कारण ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी सोडून लघवीला जाणार कुठे? "मला काय शिकवतेस बाय," ते वहीत रेघ मारता मारता म्हणाले. त्यांनी युक्त्या काढल्या. मोठ्या पेल्याऐवजी देव्हाऱ्यातल्या पंचपात्रीएवढ्या वाटीने प्यायचं. दुपारी बर्फाचा एक खडा तोंडात धरायचा, तो पाण्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. लिंबाची चकती जिभेवर. रात्री वहीत नोंद: 'शिल्लक ६० मिली. पुढे ओढली.' मी सांगितलं, शिल्लक पुढे ओढता येत नाही, हे काही बँकेचं खातं नव्हे. त्यांनी तरी ती ओढलीच. वजन मात्र उतरायला लागलं. दोन किलोच्या खाली.

डाव्या मनगटाच्या वर त्यांना फिस्टुला केला होता. शीर आणि रोहिणी (हृदयाकडून जोराने रक्त आणणारी नळी) एकमेकींना जोडतात, म्हणजे शिरेत रक्ताचा जोर वाढून ती जाड होते आणि सुया टोचायला जागा मिळते. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही, इंजेक्शन नाही, घड्याळ नाही, पिशवी नाही. तिथे बोटं ठेवली की आत सतत घरघर जाणवते. ती थांबली तर धावत दवाखाना. पहिल्यांदा हात लावला तेव्हा मी दचकून मागे घेतला होता. वेबिल सुरू झाल्यावर आप्पाच रोज सकाळी मनगट पुढे करायला लागले. "बघ, इंजिन चालू आहे का." मी बोटं ठेवायचे. थांबलेली बस स्टॉपवर थरथरत असते ना, तस्सं. "चालू आहे," मी म्हणायचे. दिवसाची सुरुवात या दोन वाक्यांनी व्हायला लागली.

सेंटरमध्ये नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. सुया टोचून मशीन सुरू झालं की बाहेरच्या लांब बाकावर बसायचं. आप्पांनी तिथेही आपलं सुरू केलं होतं. मशीन लागलं की उजव्या हाताच्या अंगठीने बेडच्या दांड्यावर दोनदा टकटक. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. टेक्निशियन मुलगी नालासोपाऱ्याहून यायची, पहाटेची लोकल पकडून. तिला आधी कळेना. कळल्यावर ती सगळ्यांचं मशीन लावून झालं की आप्पांकडे बघून थांबायला लागली.

बाकावर आम्ही आठ-दहा जणी आणि दोन पुरुष. पहिले काही महिने प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्ये तोंड घालून. मी तर लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम करत असल्याचं नाटक करायचे. डिसेंबरात चार नंबर बेडच्या काकू भाजीबाजारातून पाच किलो मटार घेऊन आल्या आणि काही न विचारता वर्तमानपत्र पसरून त्यांनी ढीग सगळ्यांच्या मधे ओतला. बसल्या बसल्या हात रिकामे कशाला, म्हणे. मी लॅपटॉप मिटला. सोलता सोलता बोलणी सुरू झाली. कुणाच्या घरी पोटॅशियम वाढलं, कुणाचा नवरा केळी लपवून खातो, कुणाची सून बोलत नाही. मटाराच्या शेंगेत अळी निघाली की किंकाळी. एकदा इतका मोठा हशा झाला की सिस्टर बाहेर येऊन ओठांवर बोट ठेवून गेल्या. मला आधी लाजच वाटली. आत माणसं रक्त बाहेर काढून पडलीयत आणि आम्ही हसतोय. मग घरी जाताना आप्पांनी विचारलं, "काय झालं होतं गं? आतून ऐकू येत होतं. सांग ना." म्हणजे त्यांच्या चार तासांत तेवढाच विरंगुळा होता. त्यानंतर मी आवाज कमी करायच्या भानगडीत पडले नाही.

त्या बाकावरच मी कोल्फबद्दल वाचलं. विलेम कोल्फ, डच डॉक्टर. १९४३ साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, या गृहस्थाने सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी लाकडी ढोलाला गुंडाळून पहिली कृत्रिम किडनी बनवली. सुरुवातीचे रुग्ण एकामागोमाग गेले, तरी तो थांबला नाही. १९४५मध्ये ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धीतून जागी झाली. शुद्धीवर येताच ती म्हणाली असं सांगतात की, मी आता नवऱ्याला घटस्फोट देणार. मी हे आप्पांना वाचून दाखवलं. आई शेजारी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरोबर आहे. डोकं साफ झालं तिचं."

सगळे दिवस असे नव्हते, हेही लिहायला हवं. जुलैत एका शनिवारी हिंदमाताला पाणी भरलं. टॅक्सीवाला परळच्या पुढे जाईना. मला रडू कोसळायच्या बेतात होतं. एक डायलिसिस चुकलं की काय होतं ते मला पाठ होतं. आप्पा मागच्या सीटवर शांत. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी, ते ड्युटीवर होते. रात्रभर प्रवाशांना बसमध्ये धरून बसले होते. काचेतून बाहेर बघत ते ड्रायव्हरला म्हणाले, "उजवीकडे घे. भोईवाड्यातून नायगाव काढ." आम्ही पाऊण तास उशिरा पोचलो. टेक्निशियन मुलगी आलीच नव्हती, गाड्या बंद होत्या. तिच्या जागी रात्रपाळीचा मुलगा थांबला होता, डोळे लाल झालेले, तरी थांबला होता. बाहेर गुडघाभर पाणी आणि आत एक माणूस वहीत लिहितोय, 'चहा ८० मिली'.

२०२३च्याच सप्टेंबरात बातमी आली की १५ तारखेला जुन्या डिझेलवाल्या डबल-डेकरची शेवटची फेरी. अंधेरीत, आगरकर चौक ते सीप्झ. शुक्रवार होता, म्हणजे मधला दिवस, अंगात जरा जीव असतो तो. आप्पा म्हणाले, जायचं. मी नाही म्हटलं. गर्दी, धूळ, इन्फेक्शन. माझ्या तोंडी तेच तेच. ते काही बोलले नाहीत, फक्त कपाटातून खाकी सदरा काढून खुर्चीवर टाकला. इस्त्री नसलेला. तो बघून मी टॅक्सी बोलावली.

गर्दी होतीच. लोक मोबाईल वर धरून उभे, बस फुलांनी सजवलेली, कॉलेजची पोरं वर चढायला धक्काबुक्की करतायत. आप्पा चढले नाहीत. मागच्या दारापाशी गेले, उभ्या दांड्याला उजव्या हाताने धरलं आणि डोळे मिटले. एवढंच. मिनिटभर असेल. तिथला कंडक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचा. त्याने सदरा पाहिला आणि काही न विचारता जरा बाजूला सरकला. मग आप्पांनी रस्त्याकडेच्या टपरीवर कटिंग घेतला, अख्खा. मी तोंडातून शब्द काढला नाही. रात्री वहीत नोंद होती: 'जादा १५० मिली. कारण: डबल-डेकर.' खाली सही.

दुसऱ्या दिवशी त्यांचं वजन दोन किलो सातशे वाढलं होतं आणि शेवटच्या तासाला पायात गोळे आले. बाहेर आल्यावर मी पोटऱ्या चोळल्या. ते मला म्हणाले, "वसूल झाले."

आंब्याचंही असंच काहीसं. गावाहून पेटी यायची, आणि हापूसमध्ये पोटॅशियम काही कमी नसतं. पहिल्या वर्षी पेटी शेजाऱ्यांना देऊन टाकली. दुसऱ्या वर्षी मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी महिन्याचा रिपोर्ट पाहिला आणि डायलिसिसच्या दिवशी, मशीनवर जाण्याआधी, दोन फोडी, असं ठरवून दिलं. हे आमच्या रिपोर्टवरून होतं. तुमच्याकडे कुणी असेल तर आधी विचारून घ्या. त्या दोन फोडी आप्पा टॅक्सीत खायचे, डब्यातून, काट्याने, डोळे मिटून, परळपासून दादर टीटीपर्यंत. फोड मोठी असावी म्हणून आई आंबा कापताना लबाडी करायची. मी बघितलं न बघितल्यासारखं करायचे.

चार नंबरचे काका जूनमध्ये गेले. मंगळवारी बेडवर दुसरी चादर होती. आत कुणी काही बोललं नाही, आणि त्या दिवशी अंगठीचा आवाज आला नाही. गुरुवारी आम्ही बाहेर बसलो होतो. दार उघडं राहिलं होतं. सगळी मशीनं लागून झाली तरी टेक्निशियन मुलगी आप्पांच्या पायथ्याशी उभी, काही न बोलता, हातमोजे काढत. बराच वेळ. मग दोनदा टकटक ऐकू आली. मी दाराकडे पाहिलं नाही.

डिसेंबरात काकू आल्या. आम्हाला वाटलं, काही कागदपत्रं राहिली असतील. त्या बाकावर आपल्या जागी येऊन बसल्या, पिशवीतून वर्तमानपत्र काढलं आणि मटार ओतले. "मंगळवार उजाडला की पाय इकडेच वळतात हो," म्हणाल्या. आम्ही सरकलो.

आतमध्ये त्या दिवशी चार नंबरला नवीन मुलगा आला होता, पस्तिशीचा असेल. त्याला आत सोडून त्याची बायको बाहेर आली. ड्रेसवर घामाचे डाग, कानात घाईत घातलेली वेगवेगळी कानातली. हातात पिशवी, पिशवीत शहाळं, वरचा भाग सोलून आणलेलं. ती दाराच्या काचेतून आत बघत होती आणि कुणाला विचारावं हे तिला कळत नव्हतं. "हे... यांना आत कधी देऊ?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी काकूंकडे.

"ते तू पी," काकू म्हणाल्या, "आणि इकडे बस. अजून दोन किलो सोलायचेत."